टेकडी की रस्ता?

मावशी, सकाळी फिरायला वेताळ टेकडी बरी की घराजवळचा रस्ता, असं तू विचारलंस. रस्त्यावर धोका वाहनांचा. फुटपाथ नसेल तिथे उजव्या कडेने चाल, म्हणजे समोरून येणारी गाडी दिसते. अंधारात फिके कपडे घाल, इअरफोन घरीच ठेव. टेकडीवर गाड्या नाहीत, पण उतरताना सुट्या मुरमावरून पाय सटकतो. गेल्या पावसाळ्यात माझा सटकला, तळहात सोलवटला. बुटांच्या तळाच्या खाचा पार झिजल्या होत्या. शिवाय काही वाटा निर्जन आहेत, उजाडल्याशिवाय जाऊच नकोस. खर्च दोन्हीकडे बुटांचाच.

एकटी असशील किंवा गुडघे दुखत असतील तर दिवे असलेला रस्ता. दमसास वाढवायचाय आणि मैत्रिणी सोबत आहेत, तर टेकडी.