जुन्या गाडीतील अनोळखी कनेक्टर आणि साधा डिजिटल मल्टिमीटर

जुन्या गाडीच्या इंजिनाजवळ कशालाच न जोडलेला कनेक्टर लोंबकळताना दिसला, की तो कोणत्या सेन्सरचा हे ठरवायला १० मेगाओहम इनपुट रोधाचा (म्हणजे मोजताना सर्किटमधून नगण्य विद्युतप्रवाह घेणारा) साधा डिजिटल मल्टिमीटर बराच उपयोगी पडतो. इग्निशन चालू करून तीन तारांपैकी एकीवर ५ व्होल्ट आणि दुसरीवर अर्थ (ग्राउंड) मिळाला, तर तो बहुधा थ्रॉटलच्या (इंजिनात जाणारी हवा कमी-जास्त करणाऱ्या झडपेच्या) स्थितीचा किंवा मॅनिफोल्डमधील (सिलिंडरांकडे हवा नेणाऱ्या नळ्यांमधील) दाबाचा सेन्सर असतो. दोन तारांच्या कूलंट सेन्सरचा (इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाचे तापमान मोजणाऱ्या सेन्सरचा) रोध मात्र कनेक्टर काढून मोजावा; थंड इंजिनावर साधारणतः २ ते ३ किलोओहम असलेला हा आकडा ८० अंश सेल्सिअसला सुमारे ३०० ओहमपर्यंत उतरतो. (शेजारचा एकतारी सेंडर, म्हणजे तापमान कळवणारा भाग, बहुधा डॅशबोर्डवरील काट्यापुरताच असतो, आणि या दोघांची गल्लत फार होते.)

तार अखंड असल्यास वाजणारा मीटरचा बझर तत्पर आहे. सोबतचे प्रोब (मोजणीची टोके) मात्र जाड असल्याने कनेक्टरच्या मागून घालताना रबरी सील फाटण्याची भीती राहते, म्हणून बारीक पिना वेगळ्या घेणे इष्ट. चुंबकीय क्रँक सेन्सरचे (इंजिनाच्या क्रँकशाफ्टचे फिरणे टिपणाऱ्या सेन्सरचे) एसी व्होल्टेज स्टार्टर फिरवताना दिसते, पण तरंगाचा आकार पाहायचा असल्यास व्होल्टेजचा आलेख पडद्यावर दाखवणाऱ्या ऑसिलोस्कोपला पर्याय नाही.