लेकरांना वावरात न्यायचं: सकाळी की संध्याकाळी?

मे महिन्यात विदर्भात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो, म्हणून बरेच जण तीन-चार वर्षांच्या लेकरांना ऊन उतरल्यावर वावरात नेतात. पण सहा वाजताही काळी जमीन तापलेलीच असते, आणि बुटक्या पोराला ती धग आधी लागते. दिवस मावळला की विंचू-साप निघतात. वळवाच्या विजाही बहुधा दुपारनंतरच्या.

सकाळच बरी. सहाला बंडी जुंपा, साडेआठच्या आत घरी. उपाशी नेऊ नका. भाकरीचा तुकडा तरी खाऊ घाला. मागायची वाट न पाहता दर वीस मिनिटांनी दोन-चार घोट पाणी. डोक्याला ओला सुती दुपट्टा.

संध्याकाळ अंगणातली: निंबाखाली सडा, घमेल्यात चार बोटं पाणी. मोठं माणूस शेजारीच हवं, एवढ्याशा पाण्यातही मूल बुडू शकतं. खेळ संपताच घमेलं पालथं करा.