सीडेव्हप्रिव्ह वापरून झालं, पॉइंटरपेक्षा डिस्ट्रक्टर आवडला

ड्रायव्हर लिहिणाऱ्यांसाठीच आहे हे, बाकीच्यांना बोअर होईल. फ्रीबीएसडी या युनिक्ससारख्या ऑपरेटिंग सिस्टिममध्ये ७.१ पासून सीडेव्हप्रिव्ह नावाची एक सोय आहे, म्हणजे तुमचं डिव्हाइस कोणी ओपन केलं की त्या एका ओपनपुरता तुमचा स्वतःचा डेटा कर्नलकडे ठेवायला देता येतो. मुख्य फंक्शन्स तीनच, सेट, गेट आणि क्लिअर. बस एवढंच? असं मलापण वाटलं होतं.

माझा ड्रायव्हर साधा होता, एक सेन्सर, त्याच्या रीडिंगचा रिंग बफर (भरला की पुन्हा सुरुवातीपासून लिहिला जाणारा), आणि कोणीही येऊन रीड करायचं. कोण कुठपर्यंत वाचून गेला ती पोझिशन मी सॉफ्टसीत, म्हणजे सीडेव्हच्या (कर्नलमधल्या डिव्हाइस नोडच्या) एसआय_डीआरव्ही१ फील्डमधून मिळणाऱ्या ड्रायव्हरच्या स्वतःच्या स्ट्रक्चरमध्ये ठेवली होती, जी अर्थातच अख्ख्या डिव्हाइसला मिळून एकच. एका टर्मिनलवर कॅट (फाइल वाचून दाखवणारी कमांड) चालवला, मस्त चाललं. दुसऱ्या टर्मिनलवर दुसरा कॅट चालवला आणि अर्ध्या ओळी इकडे अर्ध्या तिकडे, दोघं एकाच ताटात जेवल्यासारखे. बरं क्लोजमध्ये काही आवरावं म्हटलं तर डी_क्लोज (ड्रायव्हरचं क्लोज फंक्शन) डिफॉल्टला शेवटचा माणूस गेल्यावरच येतो, मधले कधी उठून गेले पत्ताच लागत नाही. डी_ट्रॅकक्लोज फ्लॅग लावला तर प्रत्येक ओपनच्या क्लोजला येतो खरा, पण गेलं कोण ते सांगत नाही, मग काय उपयोग. पूर्वी लोक यासाठी डिव्हाइस क्लोनिंग करायचे, दर ओपनला नवीन डिव्हाइस नोड, ते मी एकदा वाचलं आणि टॅब बंद केला.

सीडेव्हप्रिव्हने हे सगळं एका दुपारी सुटलं. डी_ओपनमध्ये मॅलॉकने मेमरी घ्यायची, त्यात पोझिशन आणि फिल्टर, मग सेटला पॉइंटर द्यायचा आणि सोबत एक डिस्ट्रक्टर फंक्शन, म्हणजे ते ओपन संपलं की कर्नल स्वतः बोलावतो ते आवराआवरीचं फंक्शन. रीडमध्ये गेट केलं की आपापला डेटा हातात. खरी मजा त्या डिस्ट्रक्टरमध्ये आहे हो. मी मॅलॉकला वेगळा टाइप दिला होता म्हणून व्हीएमस्टॅट -एम या कमांडमध्ये किती तुकडे वापरात आहेत तो आकडा दिसत होता, दोन कॅट चालू तर २, एकाला किल -९ मारला तर लगेच १, दुसरा बंद केला तर ०. मी क्लोजमध्ये एक ओळही लिहिली नव्हती. अजून एक म्हणजे डिव्हाइस उघडं असतानाच डिस्ट्रॉय_डेव्ह (डिव्हाइस नोड काढून टाकणारं फंक्शन) केलं तरी ज्यांनी ज्यांनी ओपन केलंय त्या सगळ्यांचे डिस्ट्रक्टर तोच चालवून घेतो.

आता माझी फजिती. मी लिनक्सवरून आलेला माणूस. तिकडे फाइल स्ट्रक्चरमध्ये प्रायव्हेट_डेटा असतो, ओपनमध्ये तुम्ही भरायचा, रिलीजमध्ये तुम्ही फ्री करायचा, आणि ओपन मध्येच फेल गेलं तर रिलीज येतच नाही म्हणून एरर पाथमध्येसुद्धा तुम्हीच फ्री करायचं. हात त्याच वळणावर बसलेला. तर मी इकडे सेट केलं, मग हार्डवेअर जागं करायला गेलो, ते जागं झालं नाही, मी शहाण्यासारखं फ्री करून ईआयओ (इनपुट-आउटपुट एरर) परत दिला आणि पॅनिक, अख्खा कर्नलच कोसळला! कारण सेट यशस्वी झालं की तो डेटा तुमचा राहत नाही, ओपनने एरर दिली तरी डेव्हएफएस (डिव्हाइस नोड सांभाळणारी फाइल सिस्टिम) स्वतः डिस्ट्रक्टर बोलावतो. डबल फ्री, एकच मेमरी दोनदा सोडली. दोन तास मी हार्डवेअरला शिव्या घालत होतो, बिचाऱ्याचा काही दोष नव्हता. नियम लक्षात ठेवा, सेट फेल झालं तर फ्री तुम्ही, सेट झालं की विसरा. म्हणून आता मी सेट एकदम शेवटी करतो, जे फेल होऊ शकतं ते सगळं आधी.

लिनक्सचं तसं वाईट नाही, पॉइंटर थेट समोर असतो आणि कोड वाचायला सोपा पडतो. पण तिकडेही खोडी आहेतच, मिसिलेनियस डिव्हाइस असेल तर तुमच्या ओपनच्या आधीच प्रायव्हेट_डेटात मिसडिव्हाइसचा पॉइंटर घालून ठेवलेला असतो, आणि सीक्वेन्स फाइल (मजकूर टप्प्याटप्प्याने वाचायला देणारी कर्नलची तयार सोय) वापरली तर ती जागा तिने बळकावलेली. शिवाय एमएमॅप केलेलं (डिव्हाइस प्रोसेसच्या मेमरीत जोडलेलं) असेल तर क्लोज करूनही मॅपिंग जाईपर्यंत रिलीज येत नाही, यावर नवीन माणूस हमखास लीक समजून दिवस घालवतो.

एक मात्र दोन्हीकडे सारखं, पर-ओपन म्हणजे पर-प्रोसेस नाही. फोर्क केला (नवीन प्रोसेस काढली) किंवा डुप केलं (डिस्क्रिप्टरची नक्कल केली) तर दोघांचा डेटा तोच, दोन थ्रेड एकाच डिस्क्रिप्टरवर एकदम रीड मारू शकतात. त्यामुळे "आता प्रत्येकाचं वेगळं आहे, लॉक कशाला" असं म्हणून म्यूटेक्स (एका वेळी एकालाच आत सोडणारं लॉक) काढू नका, मी काढला होता, परत घातला.

रेटिंग पाचपैकी साडेचार. अर्धा कापला तो गेटसाठी. गेटला तुम्ही फाइल देतच नाही, तो चालू थ्रेडवरून ओळखतो की आत्ता कोणत्या फाइलसाठी काम चाललंय, त्यामुळे डिव्हाइसच्या मेथडच्या आत असाल तरच चालतो. इंटरप्ट हँडलर किंवा टास्कक्यूमधून (नंतर करायच्या कामांची कर्नलची रांग) हाक मारली तर ईबॅडएफ एरर. केक्यूचं (इव्हेंट झाला की प्रोग्रामला कळवणाऱ्या सोयीचं) पण तेच, डी_केक्यूफिल्टरमध्ये गेट करून पॉइंटर केएन_हुक या फील्डमध्ये टाकून ठेवायचा, नंतर इव्हेंटच्या वेळी तिथून घ्यायचा. आणि डिस्ट्रक्टरला फक्त तुमचा पॉइंटर मिळतो, बाकी काही नाही, म्हणून स्ट्रक्चरमध्ये सॉफ्टसीचा पॉइंटर ठेवा आणि डिटॅचमध्ये डिस्ट्रॉय_डेव्ह आधी करा, म्यूटेक्स आणि बफर मग मोडा. उलटं केलंत तर डिस्ट्रक्टर मेलेल्या म्यूटेक्सवर जाऊन आपटेल, आणि हो, रीडमध्ये कोणी झोपलेलं असेल तर त्याला उठवायची सोय डी_पर्ज या ड्रायव्हरच्या फंक्शनमध्ये करून ठेवा, नाहीतर डिस्ट्रॉय_डेव्ह तिथेच वाट बघत बसतो आणि केएलडीअनलोड (ड्रायव्हर कर्नलमधून काढणारी कमांड) परत येत नाही.