डोसिंग पंप आणि घरी केलेलं केएच-कॅल्शियम द्रावण : आठ महिन्यांनंतर

टँक खाऱ्या पाण्याचा, प्रवाळांचा, २०० लिटरचा; बहुतेक एलपीएस (मोठ्या पॉलिपचे कठीण प्रवाळ) आणि थोडे अ‍ॅक्रोपोरा (फांद्यांचे, नाजूक कठीण प्रवाळ). केएच म्हणजे पाण्यातला कार्बोनेटचा साठा; प्रवाळ सांगाड्यासाठी तो आणि कॅल्शियम ओढतात. केएचचा रोजचा खप ०.८ डीकेएच (केएच मोजायचं एकक). पंप दोन हेडचा (प्रत्येक द्रावणाला एक), साधा पेरिस्टाल्टिक, म्हणजे रोलरने नळी चेपून द्रव ढकलणारा. (नुसते मशरूम नि झोआ, म्हणजे कठीण सांगाडा नसलेले प्रवाळ, असतील तर हा खर्च करू नका, पाणी बदलणं पुरतं.)

द्रावण स्वस्त पडतं. खायचा सोडा ओव्हनमध्ये १५० अंशांवर, वजन घटायचं थांबेपर्यंत भाजायचा. १६० ग्रॅमचे साधारण १०० ग्रॅम उरतात. ते आरओ-डीआय (गाळून क्षार काढलेल्या) पाण्यात विरघळवून १ लिटर करायचं. दुसऱ्या बाटलीत लिटरला १३२ ग्रॅम कॅल्शियम क्लोराइड डायहायड्रेट, थोडं थोडं टाकत, कारण पाणी चांगलंच तापतं. पावसाळ्यात हे ओल धरतं. डबा उघडा राहिला की वजनात पाणीच मोजलं जातं आणि द्रावण पातळ होतं. प्रत्येकी ३० मिलि रोज सोडलं की केएचची घट भरून निघते, कॅल्शियमही साडेपाच पीपीएमने भरतं. प्रवाळ जवळपास याच प्रमाणात दोन्ही ओढतात.

खरी गोम पंपात आहे. रोलरखाली चेपून चेपून नळी सैल पडते. चौथ्या महिन्यात सोड्याच्या द्रावणाचं हेड ३० ऐवजी २५ मिलि सोडत होतं, अ‍ॅपवर आकडा मात्र ३०च! केएच ८.३ वरून ७ च्या खाली, कॅल्शियम जागच्या जागी. असं एकच खाली आलं तर टेस्ट किटला दोष देण्याआधी सिरिंजने त्या हेडचं माप घ्या. महिन्यातून एकदा तर घ्याच. घट भरून काढताना दिवसाला १ डीकेएचच्या वर जाऊ नका, अ‍ॅक्रोपोराची टोकं जळतात.

नळीचं तोंड पाण्याच्या वर दोन-तीन सेंटिमीटर, जोरदार प्रवाहावर. बुडवलं तर सोड्याच्या तोंडाशी खडू जमतो. जमलाच तर व्हिनेगर. दोन्ही डोस एकदम पडले की पांढरा ढग उठतो, म्हणून मध्ये अर्धा तास तरी हवा. सोडा रात्री जास्त, तेव्हा पीएच उतरलेला असतो.

मॅग्नेशियम १२५० पीपीएमच्या खाली गेलं तर कितीही ओता, केएच टिकत नाही, कॅल्शियमशी मिळून खडू होऊन बसतो. हीटरवर पांढरी खपली धरते ती या खडूचीच. शिवाय दोन्ही द्रावणांतून मागे उरतं ते मीठच, त्यामुळे क्षारता हळूहळू चढते. रिफ्रॅक्टोमीटर (क्षारता मोजायचं यंत्र) ३५ पीपीटीच्या (हजारात ३५ भाग मिठाच्या) द्रावणावर लावून घ्या, आरओच्या पाण्यावर नको.