ओट्यापाशी उभं राहायचं होतं

माझं वय ७४, राहणार सोलापूर. दसऱ्यानंतर बाथरूममध्ये घसरले, उजव्या खुब्याचं हाड मोडलं, अर्धा सांधा बदलावा लागला. घरी आल्यावर मुलानं घरी येऊन व्यायाम घेणाऱ्या फिजिओथेरपीवाल्यांचं २० भेटींचं पॅकेज घेतलं. भेटीला ६०० रुपये, सगळे आगाऊ. नाव लिहीत नाही, का ते पुढे कळेल.

पहिल्या दिवशी आलेली मुलगी माझ्या नातीच्या वयाची. मला वाटलं, आता पाय वर, पाय खाली. तर तिनं आधी विचारलं, "आजी, बरं झाल्यावर काय करायचंय?" दवाखान्यातून आल्यापासून हे कुणी विचारलंच नव्हतं. जो तो म्हणे, आता आराम कर, स्वयंपाकाला बाई लावू. बाई लावलीही होती. तिच्या भाकरीला पापुद्रा सुटत नाही. मी म्हटलं, "भाकरी करायचीय, माझी मी."

ती थेट स्वयंपाकघरात गेली. भाकरीला किती वेळ उभं राहता, परात कुठे ठेवता, तव्याकडे वळताना भार कुठल्या पायावर येतो, सगळं लिहून घेतलं. मग ओट्याची कड धरून टाचा उचलायच्या, चवडे उचलायचे, एक पाय बाजूला न्यायचा. खुर्चीतून हात न टेकता उठायचं. न्यूझीलंडच्या ओटागो विद्यापीठातली पद्धत म्हणे, म्हाताऱ्या माणसांनी पडू नये म्हणून घरच्या घरी करायची. ओटागो! म्हटलं, नाव तरी बरोबर ठेवलंय. पुढे पायाला वजन बांधायची वेळ आली तेव्हा सुनेनं जुन्या मोज्यात अर्धा किलो ज्वारी भरून दिली.

वॉकर दुकानदारानं वाटेल तसा उंच करून दिला होता, माझे खांदे कानाला लागत. हात सरळ सोडल्यावर मनगट जिथे येतं तिथे मूठ हवी, हे या मुलीनं सांगितलं. वॉकरला कापडी पिशवीही बांधायला लावली, नाहीतर दोन्ही हात अडकलेले असताना डबा न्यायचा कसा? पाटावर बसणं आणि मांडी घालणं सध्या बंद. कमोडवर उंच सीट बसवली.

आठव्या भेटीला एक मुलगा उगवला. तिला म्हणे दुसऱ्या भागात टाकलंय. हा मशीनच्या चकत्या मांडीला चिकटवायचा आणि मोबाइल बघत बसायचा. वीस मिनिटं झाली की सही घेऊन पसार. ऑफिसात फोन केला तर तिथली बाई म्हणते, "आजी, तुम्हाला आराम मिळतोय ना?" पुन्हा आराम! अशा तीन भेटी, म्हणजे १८०० रुपये गेले. मुलानं भांडून मुलगी परत आणली, पैसे मात्र आले नाहीत. तुम्ही घेणार असाल तर पॅकेज घेऊ नका, भेटीगणिक पैसे द्या. कोण येणार तेही आधी नावानिशी ठरवून घ्या. मुलीला पाचपैकी पाच, ऑफिसला एक, तोही फोन उचलतात म्हणून.

खुर्चीतून उठून तीन मीटर चालायचं आणि परत येऊन बसायचं, अशी एक परीक्षा ती घेई. सुरुवातीला ४१ सेकंद लागले, विसाव्या भेटीला १६. बाराच्या आत यायला हवं, नाहीतर पडायची भीती राहते. म्हणून काठी आहेच, पण डाव्या हातात. दुखऱ्या पायाच्या उलट्या बाजूला धरायची असते. आमच्या गल्लीतल्या सगळ्या आज्या चुकीच्या हातात धरतात, दोघींना सांगितलं तर रागावल्या.

भोगीला तीळ लावून बाजरीच्या चार भाकऱ्या थापल्या. पाचवी तव्यावर टाकताना तुटली. पीठ जुनं होतं, पायाचा काही दोष नाही.