पाडकाम फुकट, वर पंचवीस हजार

सातारा जिल्ह्यात माझं आजोळ. मामांनी तिथलं जुनं घर पाडून त्याच जागी नवं बांधायला काढलं. ही बातमी गावात फिरली आणि पाडकामाचा ठेका घेणारा एक जण स्वतःहून दारात आला. घरभर फिरला, तुळईवर बोटं वाजवली आणि म्हणाला, "काका, लाकूड आतून पोकळ झालंय, जळणाच्या भावानं जाईल. पण पाडायचे पैसे घेत नाही, राडारोडा उचलून देतो, वर तुम्हाला पंचवीस हजार." मामांना हे पटलं. सत्तरी ओलांडलेल्या माणसाला असं सहज फसवावं, याचाच मला जास्त संताप येतो.

तुळया चुलीच्या धुरानं काळ्याकुट्ट झालेल्या होत्या. मागे राहिलेला एक तुकडा सुतारानं नंतर तासून दाखवला. आत सोनेरी साग, हाताला तेलकट लागणारा, वाळवीचं एक भोक नाही. जुनं सागवान घनफुटावर विकलं जातं. १० फूट लांब आणि ६ इंच बाय ६ इंच जाडीची एक तुळई म्हणजे अडीच घनफूट. खांब, कडीपाट, चौकटी, दारं असं सगळं घर मोजलं असतं तर पंचवीस हजार ही रक्कम किती किरकोळ होती ते तिथंच कळलं असतं. कौलं, जोत्याचे घडीव दगड आणि पितळी कड्याकोयंडे यांचे पैसे तर वेगळेच.

कौलं उतरली, लाकूड ट्रकमध्ये भरलं गेलं आणि माणसं यायची बंद झाली. मातीच्या भिंती अर्ध्या उभ्या, अंगणात ढीग. फोन केला तर म्हणे, "माती उचलायचं बोलणंच नव्हतं, जेसीबीचे वेगळे पडतील." पंचवीसातले दहा हजारच हातात आले होते. ढीग मामांनी पदरचे पैसे घालून उचलला. कागद काहीच नव्हता, त्यामुळे भांडायलाही आधार राहिला नाही.

आता हाच माणूस शेजारच्यांकडे हेच बोलून गेलाय. त्यांनी आधी सुताराला बोलावून एकेक लाकूड मोजून घेतलं, त्यावर खडूनं नंबर टाकले, फोटो काढले. दुसऱ्या ठेकेदाराकडून स्टँपपेपरवर लिहून घेतलंय: पैसे आगाऊ द्यायचे, आणि शेवटची माती उचलल्याशिवाय लाकडाची गाडी भरायची नाही.