जुन्या ग्राफ्टची अँजिओप्लास्टी आणि फिल्टर : रत्नागिरीतील एका कॅथलॅबचा अनुभव

माझ्या थोरल्या बंधूंची बायपास मुंबईत होऊन बरीच वर्षे झाली. तेव्हा पायातील शीर काढून जोडलेला एक ग्राफ्ट आतून भरत आल्याने त्याची अँजिओप्लास्टी रत्नागिरीतील एका खासगी रुग्णालयाच्या कॅथलॅबमध्ये (अँजिओप्लास्टी करण्याच्या खोलीत) करून घेतली. मुंबईत बायपास करून गावी परतलेली माणसे कोकणात वाडीवाडीत आहेत, म्हणून हा अभिप्राय सविस्तर लिहीत आहे.

समजावून सांगण्यात हे रुग्णालय उजवे ठरले. जुन्या ग्राफ्टमधील चरबीचा थर भुसभुशीत असतो, फुगा फुगवताना किंवा स्टेंट बसवताना त्याचा चुरा सुटतो आणि तो पुढच्या बारीक रक्तवाहिन्यांत अडकला, तर मुख्य वाट मोकळी होऊनही हृदयाच्या स्नायूला रक्त पोहोचत नाही, हे डॉक्टरांनी आदल्या संध्याकाळी कागदावर आकृती काढून दाखवले. त्यावर उपाय म्हणून वायरच्या टोकाजवळ छत्रीसारखी उघडणारी जाळी, म्हणजेच फिल्टर, ग्राफ्टमध्ये अडथळ्याच्या पुढे ठेवतात. तिची छिद्रे साधारण १०० मायक्रॉनची, म्हणजे मिलिमीटरच्या दहाव्या भागाएवढी, असल्याने रक्त वाहत राहते, चुरा अडकतो आणि शेवटी जाळी मिटवून बाहेर ओढली जाते. प्रक्रियेनंतर सलाईनच्या वाटीत ठेवलेली ती जाळी आम्हाला दाखवण्यात आली. तिच्या तळाशी फिकट पिवळे कण स्पष्ट दिसत होते.

या संरक्षणाला आधारही आहे. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या 'सेफर' चाचणीत अशा ग्राफ्टच्या ८०१ रुग्णांमध्ये ३० दिवसांतील गंभीर गुंतागुंत १६.५ टक्क्यांवरून ९.६ टक्क्यांवर आली होती. तिथे जाळीऐवजी प्रवाह अडवणारा फुगा होता, परंतु पुढच्याच वर्षी दोन्हींची तुलना झाली तेव्हा जाळी त्याच्यापेक्षा कमी पडली नाही. मात्र जाळी अडथळ्यातूनच पुढे न्यावी लागते, त्या क्षणी संरक्षण नसते, आणि अतिसूक्ष्म कण तिच्यातून निसटतात. म्हणून रक्तवाहिन्या सैल करणारी औषधे हाताशी ठेवली होती.

शेजारच्या खाटेवरील हार्ट अटॅकच्या रुग्णाचे नातेवाईक "आम्हालाही तीच जाळी लावा" म्हणत होते, तेव्हा हृदयाच्या मूळ धमनीत (ग्राफ्ट नसलेल्या) तिचा सरसकट फायदा दिसलेला नाही असे सांगून डॉक्टरांनी स्पष्ट नकार दिला. हार्ट अटॅकच्या रुग्णांवरील २००५ च्या 'एमराल्ड' चाचणीत प्रवाह अडवणाऱ्या फुग्याबाबतही असाच निष्कर्ष निघाला होता. विकायला मिळते म्हणून वापरायचे, असा व्यवहार तिथे दिसला नाही आणि माझ्या मते या सेवेची खरी किंमत इथेच आहे.

नाराजी बिलाबद्दल आहे. स्टेंटच्या कमाल किमती फेब्रुवारी २०१७ पासून सरकारने बांधून दिल्या आहेत, पण त्या मर्यादेत फिल्टर येत नाही. आम्हाला दिलेल्या अंदाजपत्रकात त्याचा उल्लेखच नव्हता. कॅथलॅबच्या दारात, रुग्ण आत गेल्यावर, वहिनींसमोर वेगळा कागद सहीसाठी ठेवला गेला. आदल्या संध्याकाळी आकृती काढताना तो आकडाही सांगता आला असता. डिस्चार्ज कार्डवरही फिल्टरची नोंद नव्हती. ती आम्ही मागून लिहून घेतली, इतरांनीही घ्यावी.